संग्रहालयाचे अंगण

(वर्धापनोत्सवातील विद्वत्सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनोत्सवाच्या सभेत शास्त्रविचार व्हावा, ही आपली परंपरा आहे. मला नेमून दिलेला विषय मात्र वरवर पाहता शास्त्राबाहेरचा आहे. लहान गावांतील संग्रहालये, तेथे भरणारी प्रदर्शने आणि गावकऱ्यांसाठी चालणाऱ्या कलेच्या कार्यशाळा यांविषयी पाठशाळेत वाढलेल्या माणसाने काय बोलावे, असे कोणासही वाटेल. परंतु या विषयाची किल्ली मला पाठशाळेतच सापडली, आणि तीही व्याकरणाच्या पाठात. म्हणून प्रारंभ तेथूनच करतो.

पाणिनीच्या प्रयोजक क्रियापदांविषयीच्या सूत्रावर भाष्य करताना पतंजलींनी एक मार्मिक शंका उपस्थित केली आहे. कंसाचा वध होऊन फार मोठा काळ लोटला. असे असता ‘हा कंसाला मारवितो’ असा वर्तमानकाळाचा प्रयोग लोक कसा करतात? भाष्यकारांचे समाधान असे की, खेळ करणारे तो प्रसंग डोळ्यांदेखत घडवून दाखवितात. चित्रांत उगारलेले हात आणि पडणारे प्रहार साक्षात दिसतात. आणि कथेकरी केवळ शब्दांनी कंसाला श्रोत्यांच्या बुद्धीत उभा करतात. दाखविणारा आणि सांगणारा असेल, तर गेलेली गोष्ट पुन्हा ‘आता’ घडते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या चर्चेत खेळ, चित्र आणि कथन ही तिन्ही एका ओळीत बसली आहेत, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या वाङ्मयात याचे दाखले आणखीही आहेत. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसात चाणक्याचा हेर यमपट घेऊन, म्हणजे यमलोकाची चित्रे दाखविणाऱ्या भिक्षेकऱ्याच्या वेषात, घरोघर फिरतो. बाणभट्टाच्या हर्षचरितात बाजारपेठेत पट उलगडून बसलेला असाच एक यमपट्टिक आहे आणि त्याच्याभोवती कुतूहलाने जमलेली मुले आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लासात चित्रकथकाचा उल्लेख केला आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते काही आपल्यापासून परके नव्हे. तात्पर्य, चित्र हातात धरून कथा सांगणारा मनुष्य हा आपल्या शिष्टवाङ्मयाच्या परिचयाचा आहे. आपणच अलीकडे त्याची ओळख विसरलो.

आपल्या गोव्याच्या सीमेपलीकडे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ या लहान शहराजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजात चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला वंशपरंपरेने चालत आल्या आहेत. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. चित्रकथीची रीत अशी : रामायण, महाभारत किंवा पुराणे यांतील एखादे आख्यान घ्यावयाचे, त्याची साधारणपणे तीस ते पन्नास चित्रे कागदावर रंगवावयाची, दोन दोन चित्रे पाठीस पाठ लावून चिकटवावयाची, आणि देवळात वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून ते आख्यान गात-सांगत जावयाचे. चेहरे बहुधा बाजूने काढलेले आणि डोळे मोठे टपोरे. चित्रांच्या अशा संचाला ते ‘पोथी’ असेच म्हणतात. आमच्या दप्तरातल्या पोथीला आणि त्यांच्या पोथीला एकच नाव असावे, यात मला मोठा अर्थ दिसतो. दोन्हीही वाचावयाच्या वस्तू आहेत, आणि वाचणारा नाहीसा झाला की दोन्ही मुक्या होतात.

राजाश्रय गेला, मनोरंजनाची नवी साधने आली, देवळांतील रात्रीच्या आख्यानांना श्रोते उरेनात. अनेक जुन्या चित्रांनी गाव सोडले. काही मोठ्या शहरांतील संग्रहालयांत पोहोचली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील चित्रकथीचा संग्रह प्रसिद्धच आहे. ज्यांनी ती चित्रे जमविली व जपली, त्यांचे आपणावर ऋण आहे. ती तेथे गेली नसती, तर कित्येकांना वाळवी लागली असती. परंतु भाष्यकारांच्या शंकेकडे परत वळून पाहावे. काचेआड टांगलेल्या चित्रातील प्रहार आजही उगारलेला दिसतो, हे खरे. पण त्याच्या मागचे आणि पुढचे चित्र कोठे आहे? ते पुढे धरणारा हात कोठे आहे? ज्या स्वरात ते दाखविले जाई, तो स्वर कोठे आहे? संग्रहालयाने वस्तू राखली, पण ती भूतकाळात ठेवून राखली.

पिंगुळीत याच्या उलट दिशेने एक काम झाले. २००६ साली परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि त्यास ‘ठाकर आदिवासी कला अंगण’ हे नाव दिले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. मला त्या गौरवापेक्षाही ‘अंगण’ हा शब्द मोलाचा वाटतो. घराच्या माजघरात सर्वांस प्रवेश नसतो, अंगणात असतो. अंगणात धान्य वाळते, मुले खेळतात, पाहुणा टेकतो, भजन होते. तेथे जुनी चित्रे व बाहुल्या पाहावयास मिळतात, आणि शेजारीच बाहुल्यांच्या दोऱ्या ओढणारा व चित्र लावून कथा सांगणारा माणूसही भेटतो. शाळेची मुले येतात, खेळ पाहतात, कुंचला हातात धरतात. प्रदर्शन आणि कार्यशाळा ही दोन कामे तेथे एकाच छपराखाली नांदतात. म्हणून तेथील कंस आजही वर्तमानकाळात मारला जातो.

जवळच्याच सावंतवाडीचेही उदाहरण घ्या. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, वजीर व एक्क्यापासून दश्शीपर्यंत बारा पाने, मिळून १२० गोल पाने. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही पाने रंगविणारा हात जवळजवळ नाहीसा झाला होता. तेव्हा श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसविले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर तेथे पाने रंगविली जाऊ लागली. एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत उरलेली कला त्याच्या जाण्यापूर्वी दुसऱ्या बोटांत उतरली, म्हणून ती आज आहे. कपाटात ठेवलेल्या पानांच्या जोडाने हे काम झाले नसते.

यावर सुज्ञ श्रोते दोन शंका घेतील. पहिली अशी की, जुनी चित्रे मुलांच्या हाती दिली तर ती झिजून नष्ट होतील. ही शंका योग्य आहे, परंतु तिचे उत्तर आपल्या मठाच्या ग्रंथभांडारातच आहे. जुनी हस्तलिखिते आपण रुमालात बांधून जपतो आणि पाठासाठी त्यांवरून केलेली प्रत वापरतो. चित्रांचेही तसेच करावे. मूळ पोथी काचेआड विसावू द्यावी. तिच्यावरून नवी पोथी रंगवावी आणि ती अंगणात हाताळली जावी. प्रत करणे हीच पूर्वी लेखनाची शाळा होती, चित्रकलेचीही तीच शाळा होऊ शकेल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत कला येते काय? येत नाही. अमरकोशाचे चार श्लोक पाठ करून कोणी पंडित होत नाही. त्यातही एक धोका असा की, चित्र विकत घेता येते, कथन विकत घेता येत नाही. पाहुणा एक सुंदर चित्र भिंतीसाठी घेऊन जातो; ते चित्रकाराच्या संसाराला उपयोगी पडते आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. परंतु सर्व ओढा चित्राकडेच राहिला, तर चित्र काढणारे पुष्कळ होतील आणि आख्यान गाणारा कोणीच उरणार नाही. पोथी सुटी होऊन तिची पाने घरोघर टांगली जातील. एका ओळीचा अर्थ पुढच्या ओळीवाचून लागत नाही, हे आपणाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? विष्णुधर्मोत्तर पुराणात मार्कंडेय मुनी वज्र राजाला सांगतात की, मूर्तिविद्येसाठी चित्र जाणावे लागते, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत. चित्राची मुळे गीतात आहेत, हा त्यातील मथितार्थ. मूळ तोडून फांदी किती दिवस हिरवी राहील?

या ठिकाणी पाठशाळेने आपले काम ओळखावे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. आपल्यापाशी चित्रकार नाहीत; पण पाठांतराची रीत आहे, आख्याने आहेत, स्पष्ट उच्चार आहेत आणि ऐकण्याची सवय असलेला श्रोतृवर्ग आहे. चातुर्मासात आपल्याकडे पुराण-प्रवचने होतातच. त्यांतील काही रात्री चित्रकथीसाठी राखून ठेवाव्यात. एक चित्र नव्हे, तर संपूर्ण पोथी आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी. जो सांगावयास येईल, त्यास कीर्तनकार-पुराणिकांच्या बरोबरीचे आसन आणि बरोबरीची दक्षिणा असावी. त्याला ‘कार्यक्रम करणारा’ न म्हणता गुरू म्हणावे. आणि पाठशाळेच्या मुलांनी त्याच्याकडे वर्षानुवर्षे, सुटीच्या दिवसांत का होईना, आख्यान गावयास शिकावे.

याची निकड का, तेही सांगतो. आपल्या गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा लेप द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा शुभ्र चुना उघडा करावयाचा, अशी ती कला. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा किती भिंती फरशांखाली आणि नव्या रंगांखाली गेल्या! ज्यांनी हे केले, ते भाविकच होते. त्यांना त्या भिंतीविषयी सांगणारा कोणी भेटला नाही, इतकेच. गावात एखादे लहानसे संग्रहालय असते, तेथे मुलांनी चुन्यावर काव लावून दोन रेषा ओढल्या असत्या, तर पुढे देवस्थानच्या समितीत बसल्यावर त्यांपैकी एकाने तरी ‘थांबा’ म्हटले असते. कार्यशाळेचे खरे फळ हे आहे. शंभर मुलांपैकी चित्रकार एखादाच होईल. उरलेले नव्याण्णव पाहावयास शिकतील, आणि पाहावयास शिकलेला मनुष्य सहजासहजी भिंत पुसू देत नाही.

मोठ्या शहरांतील भव्य संग्रहालये आपले काम करीतच आहेत. लहान गावाने त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी संगमरवरी दालने नसतील, पण वस्तू जेथे जन्मली ती माती, ती ज्यांच्यासाठी केली ते देऊळ आणि ती ज्यांच्या बोटांतून उतरली ती माणसे त्याच्यापाशी आहेत. ही तिन्ही जोपर्यंत एकत्र आहेत, तोपर्यंत एखादा गोठाही संग्रहालय होऊ शकतो. आपल्या मठाचे अंगण तर त्याहून पुष्कळ प्रशस्त आहे. त्याच्या एका कोपऱ्यात दिवा लावून एका चित्रकथ्याला बसविण्याचा संकल्प या वर्धापनवर्षी व्हावा, एवढी प्रार्थना श्रीचरणी व आपणा सर्वांपुढे सादर करून मी आपली रजा घेतो.