दानाकडून हक्काकडे : विशेष आणि समावेशक शिक्षणाची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कळसाडी येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सौराष्ट्रातील लिमली या लहानशा गावात ८ डिसेंबर १८८० रोजी एका जैन कुटुंबात जन्मलेल्या सुखलाल संघवी यांची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने गेली. तोवर घरच्या व्यापारात लक्ष घालू लागलेला हा मुलगा एका दिवसात घरच्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला. अंध मुलासाठी त्या पंचक्रोशीत शाळा नव्हती, आणि असलेल्या शाळेने त्याला घ्यावे असा नियमही नव्हता. गावात येणाऱ्या साधु-साध्वींच्या मुखातून जे कानी पडेल ते ग्रहण करीत तो शिकत राहिला आणि १९०४ साली काशीस जाऊन पोहोचला. दुसऱ्याने वाचावे आणि त्याने ऐकून ध्यानी ठेवावे, या रीतीने व्याकरण, न्याय आणि दर्शने आत्मसात झाली. पुढे पं. बेचरदास दोशी यांच्यासह ‘सन्मतितर्क’ या दुर्घट ग्रंथाचे संपादन, बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे अध्यापन, ‘दर्शन अने चिंतन’ या ग्रंथास १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ साली पद्मभूषण. प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजींचे हे चरित्र जैन समाजास अपरिचित नाही.

हे चरित्र बहुधा जिद्दीचा आदर्श म्हणून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात एक प्रश्न दडलेला आहे, तो सहसा विचारला जात नाही. असामान्य स्मरणशक्तीच्या मुलाने काशीची वाट शोधून काढली. परंतु त्याच वर्षी देवीने ज्यांची दृष्टी गेली आणि ज्यांची बुद्धी तुमच्या-आमच्या घरातील मुलांसारखी साधारण होती, त्या मुलांचे काय झाले? त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. विशेष शिक्षणाचा इतिहास आणि त्यामागील कायदे हे मुख्यतः या साधारण मुलासाठी आहेत.

महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ मुंबईत झाला. १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. त्यानंतर विक्रम संवत १९५६ चा तो भीषण दुष्काळ आला, ज्याचे ‘छप्पनिया’ हे नाव गुजरात-मारवाडातून खानदेशात येऊन स्थिरावलेल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात पुढेही अनेक वर्षे येत असे. त्याच काळात, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. १९०२ मध्ये ताडदेव येथे व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा, आणि १९४४ मध्ये मतिमंद मुलांसाठी श्रीमती जय वकील यांची शाळा. या शेवटच्या शाळेचे मूळ एका आईच्या गरजेत आहे. स्वतःच्या मुलीला सामावून घेईल अशी शाळा नव्हती म्हणून तिने ती काढली. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारले गेले आणि मराठीसह भारतीय भाषांना एकसूत्री ठिपक्यांची लिपी मिळाली.

या सर्व संस्था दानावर उभ्या राहिल्या. दान नसते तर पहिली साठ-सत्तर वर्षे या मुलांना अक्षरही भेटले नसते, हे कृतज्ञतेने मान्य करावयास हवे. पण दानाची एक स्वाभाविक मर्यादा आहे. ते दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते आणि ज्याला ते मिळाले नाही त्याला दाद मागता येत नाही. शिवाय या शाळा मुंबई-पुण्यात होत्या. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या मुलाला त्यांचे अस्तित्वही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

राज्याचा कायदा त्या काळी या मुलाकडे कसा पाहत होता? सक्तीच्या शिक्षणाच्या जुन्या कायद्यांत मूल शाळेत न पाठविण्याची काही ‘सबळ कारणे’ नमूद केलेली असत. १९६० च्या दिल्ली प्राथमिक शिक्षण कायद्यात मुलातील शारीरिक वा मानसिक दोष हे असेच एक कारण होते. म्हणजे पालकाला दंडातून सूट, आणि शाळेला जबाबदारीतून. संविधानाच्या मूळ कलम ४५ ने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या ‘सर्व’ मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला होता. त्या ‘सर्व’ शब्दातून ही मुले अशी अलगद बाहेर राहिली. कलम ४१ मध्ये विकलांगतेचा उल्लेख आहे, परंतु तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंग मुलांचे शिक्षण हा शिक्षणव्यवस्थेचाच अविभाज्य भाग मानला. १९७४ मध्ये केंद्र शासनाची एकात्म शिक्षण योजना आली. तीत सौम्य अपंगत्व असलेल्या मुलांना सर्वसाधारण शाळेत बसविण्यासाठी अर्थसाहाय्य होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच सूत्र पुढे नेले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला प्रमाणित स्वरूप दिले.

येथे ‘एकात्म’ आणि ‘समावेशक’ या दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढचा सर्व कायदा त्या भेदावर उभा आहे. एकात्म शिक्षणात शाळा आहे तशीच राहते आणि मुलाने तिच्या मापात बसावयाचे असते. न बसल्यास त्याची परत पाठवणी होते. समावेशक शिक्षणात मूल आहे तसे येते आणि शाळेने आपली पायरी, आपला फळा, आपली प्रश्नपत्रिका त्याच्यासाठी बदलावयाची असते. जून १९९४ मध्ये स्पेनमधील सलामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी हे दुसरे सूत्र जाहीरनाम्याच्या रूपाने मान्य केले.

भारतात १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या कलम २६ ने अपंग मुलाला अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची शाश्वती दिली, मात्र कायद्यात अपंगत्वाचे प्रकार केवळ सात होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुलांचा ‘वंचित गटा’त समावेश झाला, त्यामुळे खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के राखीव प्रवेशांत त्यांनाही स्थान मिळाले. दरम्यान संयुक्त राष्ट्रांचा विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करारनामा भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला होता. त्यास अनुरूप असा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. (अंध-मुके-बहिरे, अपंग, विकलांग, दिव्यांग अशी नावे या अवधीत भराभर बदलली. शाळेच्या दारातील उतरत्या फरशीला त्या मानाने फार वेळ लागला आहे.)

या अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांपैकी एक नंदुरबार जिल्ह्याच्या थेट अंगणातला आहे. तो म्हणजे सिकलसेल. आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास अपत्यास होऊ शकणारा हा रक्ताचा आनुवंशिक आजार येथील भिल्ल, पावरा, मावची बांधवांत आढळतो. असे मूल बाहेरून धडधाकट दिसते. थंडीत, तापात किंवा अंगातील पाणी कमी झाल्यावर त्याच्या हाडा-सांध्यांत असह्य वेदना उठतात आणि ते आठ-आठ दिवस वर्गात येत नाही. हजेरीपटावर ते ‘सतत गैरहजर’, मैदानावर ‘आळशी’. त्याला पांगुळगाडी नको, ब्रेल नको. वर्गात वारंवार पाणी पिण्याची मुभा, कवायतीत सक्ती नसणे, बुडालेला अभ्यास भरून देणारा शिक्षक आणि परीक्षेची दुसरी संधी एवढीच त्याची गरज असते. कायद्याच्या भाषेत यालाच ‘वाजवी समायोजन’ म्हणतात. हे न मिळाल्याने मूल सहावी-सातवीत शाळा सोडते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही की, ते एका कायद्याने संरक्षित होते.

या जिल्ह्यात आणखी एक गुंतागुंत आहे. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातील मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते. ते मराठी समजत नसल्याने गप्प आहे, ऐकू येत नसल्याने गप्प आहे, की आकलन मंद असल्याने, हे साठ मुलांच्या वर्गात ओळखणे सोपे नाही. अशा मुलावर घाईने ‘मतिमंद’ असा शिक्का मारणे आणि खरोखर कर्णबधिर असलेल्या मुलाला ‘लाजाळू’ म्हणून सोडून देणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे, ते याचसाठी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ती जुन्या व्याख्येनुसार होती आणि तीत सिकलसेलचा रकानाच नव्हता.

आता धार्मिक न्यासांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. २७ जानेवारी २०१४ च्या अधिसूचनेने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती न्यासाच्या प्रकरणात शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नसल्याचा निर्णय दिला. अर्थात, अल्पसंख्याक दर्जाच्या जैन शाळेवर २५ टक्के प्रवेशांचे बंधन उरले नाही, आणि त्या वाटेने येऊ शकणारे दिव्यांग मूलही दाराबाहेर राहिले. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रकरण मोठ्या पीठाच्या विचारार्थ सरन्यायाधीशांकडे पाठविले आहे.

परंतु २०१६ च्या अधिनियमाचे कलम १६ निराळे आहे. ते शासनाकडून अनुदान मिळणाऱ्या वा शासनमान्य अशा सर्व शिक्षणसंस्थांविषयी बोलते, आणि अल्पसंख्याक संस्थांना वगळणारे शब्द त्यात नाहीत. भेदभावाविना प्रवेश, वापरता येईल अशी इमारत, वाजवी समायोजन, अंध व कर्णबधिर मुलांना त्यांच्या सोयीच्या भाषेतून व माध्यमातून शिक्षण, अध्ययन-अक्षमतेचे लवकरात लवकर निदान या गोष्टी त्यात अपेक्षित आहेत. शाळेच्या मान्यतापत्राबरोबरच हे दायित्व येते. ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ हे वाक्य पूर्वी एक वस्तुस्थिती असे; आज ते कायदेभंगाची कबुली ठरू शकते.

भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ साली, जयपूर येथे श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, आणि ‘जयपूर फूट’ देशोदेशीच्या लक्षावधी माणसांपर्यंत विनामूल्य पोहोचला. जैन समाजाला या कार्याचा सार्थ अभिमान आहे. गावोगावची शिबिरे त्याच प्रेरणेतून होतात. शिबिरात पाय मिळालेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारापर्यंत चालत जातो. तेथे पाच पायऱ्या असतात, स्वच्छतागृह पटांगणाच्या पलीकडे असते आणि वर्ग वरच्या मजल्यावर असतो. शिबिराचा खर्च दात्यांनी केला. वर्ग तळमजल्यावर आणण्यास खर्च नाही, त्यासाठी केवळ वेळापत्रक बदलावे लागते.

शिक्षकांचा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण अधिसूचित करण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले, आणि त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण शासनाने ठरविले. एखाद्या गावात अशी दोन-तीनच मुले असतील तर एका शाळेस पूर्णवेळ शिक्षक मिळणे कठीण. त्यासाठी अनेक शाळांत फिरणारा शिक्षक लागतो, आणि पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर फिरणे म्हणजे काय, हे या भागातील लोकांना सांगावयास नको.

पालकांसाठी काही व्यावहारिक बाबी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र यांसाठी अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून होतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. प्रमाण ४० टक्के वा अधिक असल्यास कलम ३१ अन्वये सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाच्या बाजूची असते, शाळेची नव्हे. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी थांबते, हे चार वर्षे पुढे जाते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. ४० टक्क्यांहून कमी प्रमाण असलेल्या मुलालाही कलम १६ मधील प्रवेश आणि समायोजन नाकारता येत नाही. शाळेने दाद न दिल्यास तक्रार पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते. अर्ज साध्या कागदावर, मराठीत, मुलाचे नाव, इयत्ता आणि नाकारलेली गोष्ट लिहून द्यावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.