मोटारीतला रेडिओ बदलताना

जुनी मोटार घेतली की माणूस पहिल्या महिन्यात दोन गोष्टी बदलतो : सीटांची कव्हरे आणि रेडिओ. कव्हरांविषयी मला काही सांगायचे नाही. रेडिओच्या बाबतीत मात्र मी स्वतः फसलो, म्हणून हे बोलणे.

माझ्या गाडीत कंपनीने बसवून दिलेला रेडिओ होता. आवाज बेताचाच, पण घाटापलीकडे, आमच्या गावी, मीडियम वेव्हवर पुणे केंद्र त्यावर स्वच्छ लागे. शहरातल्या एका दुकानात तो काढून मी नवा, झगमगत्या दिव्यांचा, ब्लूटूथचा रेडिओ बसवला. दुकानदाराने एफ. एम. लावून दाखवले. काय तो आवाज! मी खुशीत पैसे दिले. गावी पोचलो, तर एफ. एम.वर नुसती खरखर आणि पुणे केंद्रावर निवेदक जणू गुळण्या करीत बोलत होता.

रेडिओ बिघडला म्हणावे, तर तो बिघडलेला नव्हता. त्याची मांडणी अमेरिकेची होती, एवढेच. तिकडे मीडियम वेव्हवरच्या केंद्रांमध्ये 10 किलोहर्ट्झचे अंतर असते; आपल्याकडे, जिनिव्हाच्या 1975 सालच्या करारानुसार, 1978 पासून ते 9 किलोहर्ट्झ आहे. म्हणून आपल्या मीडियम वेव्ह केंद्राच्या आकड्याला 9 ने भाग जातो. शिक्षकांनी हे मुलांकडून वर्गात करून घ्यावे. पुण्याचे 792 घ्या : 9 गुणिले 88. दहादहाच्या उड्या मारणारा रेडिओ 790 वर थांबतो, तेथून थेट 800 वर जातो. 792 त्याला सापडतच नाही. नागपूरच्या 585 ची गत आणखी वाईट. तो आकडा 580 आणि 590 यांच्या बरोबर मधोमध पडतो!

यावर उपाय फुकटाचा आहे. रेडिओच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची सोय बहुधा असते. तेथे आशिया किंवा युरोप निवडावे. पण काही स्वस्त रेडिओंत मीडियम वेव्ह मुळातच नसते. ते खोक्यावर वाचूनच पैसे मोजावेत. तेथे नुसते एफ. एम. लिहिले असेल, तर पुढे कोणताही कारागीर काही करू शकणार नाही.

आता एफ. एम.ची खरखर. हल्ली पुष्कळ गाड्यांच्या टपावरच्या आखूड एरियलमध्ये रेडिओच्या लहरींचा संकेत वाढवणारे एक छोटे यंत्र असते, आणि त्याला 12 व्होल्टची वीज लागते. नव्या रेडिओची निळी तार बहुधा याच कामाची असते. माझ्या रेडिओची ती तार चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडलेली निघाली. शहरात प्रक्षेपक जवळ, म्हणून तेथे काही जाणवले नाही. काही गाड्यांत ही वीज एरियलच्या तारेतूनच जाते. त्यांना वेगळा जोड लागतो.

बाकीच्या तारांत घोटाळा होतो तो पिवळ्या आणि तांबड्या तारेचा. पिवळी थेट बॅटरीची, तांबडी किल्लीची. दोन्हींची अदलाबदल झाली, तर किल्ली काढताच लावून ठेवलेली केंद्रे रेडिओ विसरतो. दोन्ही थेट बॅटरीला जोडल्या, तर काही दिवसांनी सकाळी गाडी ढकलायला शेजारी बोलवावे लागतात. मापाची चिंता फारशी नाही : 180 मिलिमीटर रुंद आणि 50 किंवा 100 उंच, ही मापे बहुतेक ठिकाणी ठरलेली. मात्र ज्या गाडीत पडद्यावरूनच वातानुकूलन चालते, तिच्या वाटेला जाऊ नये.

आणि मूळची तार कापू देऊ नका. जोडणीचा कपलर बाजारात मिळतो, तो मागा. कारागीर 'दोन मिनिटांचं काम आहे, कापून जोडतो' म्हणेल, त्याला नाही म्हणा. मीही आधी नाही म्हणालो नव्हतो. त्यामुळे माझा जुना रेडिओ कपाटात धडधाकट पडून आहे. परत बसवायचा, तर त्याला लावायला गाडीत आता जागच्या तारा नाहीत.