पिठाऐवजी तवसे



हल्ली ब्राउनीत मैद्याऐवजी भाजी घालतात. कोकणातील धोंडसात तवसे पूर्वीपासूनच आहे. बोईसरच्या एका आजींनी मधुमेही पतीसाठी ते आणले व विचारले, "साहेब, यात काकडीच जास्त. चालेल ना?"

पथ्य आहारतज्ज्ञ सांगतील. मी वाणिज्य शाखेचा, हिशेब तेवढा मांडतो. 100 ग्रॅम तांदळाच्या रव्यात सुमारे 80 ग्रॅम कर्बोदके, काकडीत पुरती चारही नाहीत. ती जवळजवळ पाणीच, आणि रवा त्याच पाण्यात शिजतो. ही जमेची बाजू. नावे पडतो तो गूळ! रक्तातील साखर तोही वाढवितोच.

पुढील खेपेस आजींनी गूळ निम्मा केला. आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आजोबांनी भात कमी करून एक लहान वडी खाल्ली. "चव उतरली हो," असे त्यांनी मला खासगीत सांगितले.