श्वेतपेशीविरहित रक्त : रुग्णालयांचे धोरण कसे असावे?



मे २०२२ मध्ये आपल्या नागपूर शहरात एक सुन्न करणारी घटना उघडकीस आली. थॅलेसिमियाग्रस्त चार बालकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. अन्य काही बालकांत हेपटायटिस 'सी' व 'बी' यांचे विषाणू सापडले. ही लागण रक्तसंक्रमणातून झाल्याचे सांगण्यात आले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य शासनाकडे अहवाल मागितला. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घेतल्यावाचून ही मुले जगू शकत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेतील दारुण विपर्यास कळतो.

अशा वेळी पालकांच्या मनात साहजिकच येते : मुलांना 'गाळलेले' रक्त मिळाले असते, तर हे टळले असते काय? उत्तर कटू आहे. बहुधा नाही.

रक्ताच्या एका पिशवीत शंभर कोटींहून अधिक श्वेतपेशी असतात. रुग्णाला हव्या असतात त्या तांबड्या पेशी. दुसऱ्याच्या श्वेतपेशींचा त्याला उपयोग नाही, उपद्रव मात्र आहे. रक्त चढवताना येणारा ताप व हुडहुडी बव्हंशी त्यांच्यामुळे असते. शिवाय सायटोमेगॅलो व एचटीएलव्ही हे विषाणू श्वेतपेशींच्या आतच दडून राहतात. विशेष गाळणीने या पेशींची संख्या पन्नास लाखांच्या खाली आणली, की त्यांच्यासह हे विषाणूही मोठ्या प्रमाणात अडतात. ब्रिटनने १९९९ मध्ये सर्वच रक्त असे गाळण्यास प्रारंभ केला, तो 'मॅड काऊ' रोगाच्या मानवी प्रकाराच्या धास्तीने.

परंतु एचआयव्ही आणि हेपटायटिसचे विषाणू रक्तद्रवातही मोकळे वावरतात. गाळणीला ते दिसतही नाहीत! त्यांच्यासाठी चाचणी हाच उपाय. भारतात एचआयव्ही, हेपटायटिस बी व सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया या पाच तपासण्या प्रत्येक पिशवीसाठी बंधनकारक आहेत. तथापि लागण झाल्यानंतर काही काळ साध्या चाचणीत काहीच दिसत नाही. एचआयव्हीच्या प्रतिपिंडांच्या चाचणीत हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा, तर हेपटायटिस 'सी'च्या बाबतीत तो दोन महिन्यांहून अधिक असू शकतो. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ पुष्कळ आखडते, शून्यावर मात्र आणत नाही. ती देशभर सक्तीची नाही.

म्हणूनच रुग्णालयाच्या लेखी धोरणात या दोन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदल्या गेल्या पाहिजेत. वारंवार रक्त घेणाऱ्या थॅलेसिमिया व सिकलसेलच्या रुग्णांना (विदर्भात सिकलसेलचे प्रमाण किती आहे, हे येथे सांगावयास नको) श्वेतपेशीविरहित रक्त मिळावे. तेच रक्त 'नॅट'ने तपासलेलेही असावे. एकाच्या नावावर दुसरे खपवणे ही पालकांची दिशाभूल होय.

गाळणी कोठे लावली जाते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. रक्त साठवण्यापूर्वी रक्तपेढीतच ते गाळणे उत्तम. साठवणीच्या काळात श्वेतपेशी फुटतात. ताप आणणारी द्रव्ये आणि पेशींत दडलेले विषाणू बाहेर सांडतात. मग रुग्णाच्या खाटेशी लावलेली गाळणी उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी ठरते. तिचे काम नीट झाले की नाही, हे मोजण्याची सोयही तेथे नसते. खर्चाचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही; पण मग निदान सर्वांत गरजू रुग्णांपासून प्रारंभ करावा.

आता दात्याकडे वळू, कारण चाचणीच्या आधीची पायरी तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदात्यांवर बंदी आली. स्वेच्छेने, नियमितपणे रक्त देणाऱ्यांचे रक्त अधिक सुरक्षित असते, हा जगभरचा अनुभव आहे. मात्र शिबिरात गर्दीचा आकडा वाढावा म्हणून प्रश्नावली घाईघाईने भरून घेतली जाते, ती घातक आहे. मित्रांच्या आग्रहाला नाही म्हणता आले नाही, पण मनात शंका आहे, अशा दात्याने घरी गेल्यावर रक्तपेढीला दूरध्वनी केला, तर ती पिशवी वापरात जाण्यापूर्वी बाजूला काढता येते. नाव गुप्त राहते. ही माहिती प्रत्येक शिबिरात, रक्त घेण्यापूर्वीच, दात्याच्या हाती लेखी द्यावी.