सांताक्लॉज दारात आला तेव्हा : १९५४ची एक भयकथा पुन्हा वाचताना

आज एका जुन्या कॉमिकमधल्या भयकथेबद्दल बोलायचंय. आधीच सांगून ठेवतो, शेवट फोडल्याशिवाय मला बोलता येणार नाही. ज्यांना आधी वाचायचीये त्यांनी इथेच थांबा आणि वाचून या. सत्तर वर्षं जुनी कथा आहे, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

तर, 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' नावाचं अमेरिकन कॉमिक. अंक ३५, फेब्रुवारी-मार्च १९५४. किंमत दहा सेंट. त्यातली कथा 'अँड ऑल थ्रू द हाऊस'. लेखन आणि चित्रं दोन्ही जॉनी क्रेगची. कथेचं नाव नाताळच्या एका प्रसिद्ध इंग्रजी कवितेतून घेतलंय.

प्रकाशक होते ईसी कॉमिक्स. यांची गंमत अशी की ईसीतला 'ई' मुळात 'एज्युकेशनल'चा होता. मॅक्स गेन्स बायबलमधल्या गोष्टींची चित्रमालिका वगैरे काढायचे. १९४७ साली ते बोटीच्या अपघातात गेले आणि धंदा मुलाकडे, बिल गेन्सकडे आला. त्याने 'एज्युकेशनल'चं 'एंटरटेनिंग' केलं आणि १९५०पासून भयकथांची कॉमिक्स काढायला घेतली. आपण वेताळ आणि मँड्रेक वाचून वाढलेली माणसं. तिथे शेवटी कुणीतरी वाचवायला येतो. ईसीच्या कथांमध्ये कुणी येत नाही.

आता कथा. नाताळची आदली रात्र. एका घरात बायको नवऱ्याचा खून करते. वरच्या खोलीत छोटी मुलगी झोपलीये. प्रेत समोर पडलंय आणि तेवढ्यात रेडिओवर बातमी लागते : वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी पळालाय आणि त्याने सांताक्लॉजचा वेश केलाय. थोड्याच वेळात तो हिच्याच घराबाहेर दिसतो.

आता ही बाई काय करेल? साधा उपाय आहे, पोलिसांना फोन. पण पोलीस आले की आधी काय दिसेल? नवऱ्याचं प्रेत. म्हणजे फोन समोर आहे आणि करता येत नाही. मग ती दारं लावते, खिडक्या लावते, सगळं घर बंद करते. आता कुणी आत येऊ शकत नाही असं वाटतं, आणि तेवढ्यात मुलीचा आनंदाने भरलेला आवाज येतो. सांता आलाय, आणि तिनेच त्याला आत घेतलंय. संपली कथा.

कॉलेजात असताना एका मित्राने पुनर्मुद्रित अंक वाचायला दिला होता. तेव्हा मी टाळीच दिली. काय शेवट आहे! बाईला बरोबर शिक्षा झाली, विषय संपला. पुढे १९७२च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या ब्रिटिश सिनेमात जोन कॉलिन्सने ही बाई केली, १९८९मध्ये एचबीओच्या मालिकेसाठी रॉबर्ट झेमेकिसने हीच कथा दिग्दर्शित केली. दोन्ही बघितलं, दोन्ही आवडलं. मुलीचा विचार एकदाही मनात आला नाही.

मधे थोडं इतिहासाचं सांगतो, कारण त्याचा संबंध आहे. कथा आली त्याच वर्षी अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध रान उठलं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं, त्याचं म्हणणं होतं की असली कॉमिक्स मुलांना बिघडवतात. एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. बिल गेन्स साक्षीला गेला. त्याच्यासमोर एक मुखपृष्ठ धरलं गेलं : एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं कापलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का? गेन्स म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठासाठी आहे. ते चित्रही जॉनी क्रेगचंच होतं. वर्ष संपायच्या आत प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द नकोत, चालती प्रेतं नकोत, व्हँपायर नकोत. ईसीची भयकथांची कॉमिक्स बंद पडली.

त्याच संहितेत एक कलम होतं, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. आता या कथेत याहून वेगळं काय होतं हो?

असो. आता ही कथा पुन्हा का काढली, ते सांगतो.

गेल्या वर्षी माझे वडील गेले. लेक तेव्हा पाच वर्षांची. ते आमच्याकडेच राहायचे, तिला शाळेतून तेच आणायचे. घरात कुणाचीच सांगायची हिंमत होईना. मी म्हटलं, आजोबा गावाला गेलेत. सोपं वाटलं. बायको म्हणाली, आज ना उद्या सांगावं लागेल. मी म्हटलं, बघू.

पुढचे दोन महिने बेल वाजली की ही पळत दाराकडे जायची. "आजोबा आले!" दूधवाला असो, इस्त्रीवाला असो. आम्ही तिला बजावलेलं होतं, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. पण तिच्या हिशोबाने अनोळखी कोण होतं? एका दुपारी मी कामाच्या कॉलवर होतो. बाहेर आलो तर सेफ्टी डोअर उघडं, स्टूल दाराशी, आणि ही एका अनोळखी माणसासमोर उभी. कुरियरवाला होता बिचारा. त्याने पाकीट दिलं, सही घेतली, गेला. काही झालं नाही. पण माझे हात थरथरत होते.

त्या संध्याकाळी तिला खरं सांगितलं. ती खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तू खोटं का बोललास?" रडली ती नंतर.

परवा ती कथा पुन्हा वाचली आणि शेवटच्या चित्राशी थांबलो. त्या आईने सगळी दारं लावली, फक्त मुलीला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? बाहेरच्या माणसाबद्दल सांगायचं तर घरातल्या प्रेताबद्दलही सांगावं लागलं असतं. आणि मुलीने काय चूक केली? मोठ्यांनीच सांगितलं होतं, आज रात्री लाल कपड्यातला माणूस येतो, तो चांगला असतो. आपल्याकडे बागुलबुवा सांगतात, तिकडे सांता. तिने मोठ्यांच्या गोष्टीवर विश्वास ठेवला, एवढंच.

आई गुन्हेगार होती, तिला शिक्षा झाली, ठीक. पण त्या मुलीचं पुढे काय झालं? क्रेग सांगत नाही. कॉलेजात मी विचारलं नव्हतं. आता तेवढंच विचारावंसं वाटतं.

अंक अजून टेबलावरच आहे. लेकीने मुखपृष्ठ बघून विचारलं, "हे काय आहे?" मी म्हटलं, भीतीची गोष्ट आहे, तू अजून लहान आहेस, दहा वर्षांची झालीस की आपण मिळून वाचू. ती म्हणाली, "नक्की?" म्हटलं, नक्की. आता हे पाळावं लागणार.

तुमच्या लहानपणी कुठल्या गोष्टीने झोप उडवली होती, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.