स्मिता पाटील : अकरा वर्षांची कारकीर्द



वसंतातल्या व्याख्यानाला नटीचा विषय कशाला, असे कुणास वाटेल. पण स्मिता पाटील यांचे नाव काढले की शेत, चूल, झोपडी आणि उंबरठा हे सारे ओघानेच येते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्याचा. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूरचे राजकीय पुढारी. आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. घरात सेवादलाचे संस्कार. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी ही मुलगी दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरली, आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’ व ‘निशान्त’ या चित्रपटांतून ती पडद्यावर आली.

नायिका म्हणजे गोरीपान, असा तेव्हा समज होता. या बाई सावळ्या. त्यांनी तो सावळेपणा झाकला नाही, आणि ज्या स्त्रियांचे रूप घेतले त्याही उन्हातान्हात राबणाऱ्या. ‘मंथन’ (१९७६) मध्ये त्या म्हशी पाळणाऱ्या खेडुत बाई झाल्या; त्या चित्रपटासाठी गुजरातेतील पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले होते. ‘जैत रे जैत’ मध्ये त्या ठाकराची पोर झाल्या. जयवंत दळवींच्या कादंबरीवरील ‘चक्र’ मध्ये झोपडपट्टीतली आई झाल्या. या ‘चक्र’ साठी, आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर आधारलेल्या ‘भूमिका’ साठी, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘उंबरठा’ (१९८२) मधली सुलभा घर सोडून सुधारगृहातल्या निराधार स्त्रियांचे काम पत्करते. त्या सुलभेचे चुकले की घरच्यांचे, हा वाद आजही घरोघर होऊ शकतो, आणि तो व्हावा असे आम्हांस वाटते.

१९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना मुलगा झाला, आणि १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतर उद्भवलेल्या विकाराने, त्या गेल्या. वय अवघे एकतीस. ‘मिर्च मसाला’ हा त्यांचा गाजलेला चित्रपट लोकांनी पाहिला तो त्यांच्या मागे, १९८७ साली.

मित्रहो, बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आयाबाया म्हणत आल्या. मुंबईसारखे शहर, हाताशी डॉक्टर, देशभर नाव, आणि तरीही हे घडले. पडद्यावर ज्या स्त्रियांचे जिणे त्या जगल्या, त्यांच्यातल्या कितीतरी जणी याच वाटेने जात आल्या. त्यांची नावे मात्र कुणी छापली नाहीत.

म्हणून त्यांच्या अल्पायुष्यावर नुसते हळहळून आम्ही थांबणार नाही. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीच्या अंगात ताप भरला, पोटात दुखू लागले, अंगावर फार जाऊ लागले, तर ‘होईल बरे’ म्हणून तिला खाटेवर ठेवू नका. शेतातले काम टाका आणि त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. ‘उंबरठा’ पाहून डोळे पुसणाऱ्या आम्हां पुरुषांकडून एवढे तरी झालेच पाहिजे.