टॉरिनचा डोस किती?

(ज्येष्ठ महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला विषय दिलाय 'बाईचं म्हातारपण आणि आरोग्य'. पण बचत गटांच्या बैठकांत हल्ली मला एकच प्रश्न विचारला जातो. "ताई, ते टॉरिन रोज किती घ्यायचं? पाचशे की हजार?" कुणाला मुलीनं परदेशातून डबा पाठवलेला असतो, कुणाला सुनेनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवलेला असतो. आणि पुष्कळजणींना गटातलीच एखादी साखळी-विक्री करणारी बाई गळ घालत असते. तेव्हा आज त्याबद्दलच बोलते.

टॉरिन ही काही नवी जादू नव्हे. १८२७ साली जर्मनीत ते बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. आपल्या हृदयात, स्नायूंत, डोळ्यांत ते असतंच. मासे, कोळंबी, शिंपल्या, मटण यांतून मिळतं. धान्य-भाजीत जवळजवळ नसतं. पण माळकरी बायकांनी घाबरायचं कारण नाही. आपलं यकृत ते स्वतः बनवतं. त्याला लागणारा कच्चा माल डाळ, दूध, अंडं यांतल्या प्रथिनांत असतो.

मग एवढा गाजावाजा का झाला? जून २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले विजय यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं. मध्यमवयीन उंदरांना रोज वजनाच्या दर किलोमागे १००० मिलिग्रॅम टॉरिन दिलं, तर माद्या सुमारे १२ टक्के आणि नर १० टक्के जास्त जगले. माकडांची हाडंही सुधारली. संशोधन चांगलं होतं, त्याची टिंगल करायची नाही. पण उंदराचा हिशेब बाईला लावायचा कसा? सरळ गुणाकार केला तर ५५ किलोच्या बाईला रोज ५५ ग्रॅम! म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात रूपांतर करतात. तसं केलं की साडेचार ग्रॅमच्या आसपास येतं. ठिकठिकाणी सांगतात ते 'तीन ते सहा ग्रॅम' अशाच गणितातून आलेलं आहे. गणित म्हणजे डोस नव्हे. माणसांना इतकं टॉरिन देऊन त्यांचं आयुष्य वाढलं, असं कुणी दाखवलेलं नाही.

पुढचं डब्यावर लिहिलेलं नसतं. जून २०२५ मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये अमेरिकेच्या सरकारी वार्धक्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याच त्याच माणसांचं रक्त अनेक वर्षं तपासून सांगितलं, की वयाबरोबर टॉरिन घटतंच असं नाही. बहुतेकांत ते तेवढंच राहतं किंवा वाढतं. म्हणजे 'वयानुसार कमी झालेलं भरून काढा' या जाहिरातीचा पायाच डळमळीत.

आपल्या वयाच्या बायकांवरचाही एक प्रयोग आहे. ५५ ते ७० वयाच्या २४ जणींवर ब्राझीलमध्ये केलेला, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. काहींना रोज दीड ग्रॅम टॉरिन, काहींना नुसती पिठाची गोळी, १६ आठवडे. टॉरिनवाल्यांच्या रक्तातलं एक संरक्षक एन्झाइम वाढलं. आयुष्य वाढलं का, हे १६ आठवड्यांत कळणार कसं? आणि २४ म्हणजे किती, तर आपले दोन बचत गट एकत्र बसले की तेवढ्या बाया भरतात.

ते विष आहे असंही नाही. निरोगी प्रौढांवरच्या प्रयोगांचा २००८ साली आढावा घेतला गेला, त्यात रोज ३ ग्रॅमपर्यंत अपाय दिसला नाही. पण आपल्यात निरोगी किती? टॉरिननं रक्तदाब आणि साखर थोडी उतरते. दोन्हींच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. रक्ताचा कर्करोग असलेल्यांनी तर अधिकच जपायला हवं. काही ल्युकेमियाच्या पेशी टॉरिनवर पोसतात, असं २०२५ मध्ये प्रयोगशाळेत आणि उंदरांत आढळलं आहे.

माझ्या एका वस्तीतल्या बासष्ट वर्षांच्या मावशींनी तर बीपीची गोळीच सोडली. सरकारी दवाखान्यातली गोळी फुकट, डबा दीड हजाराचा. मग भारी काय? "फुकटात काय येतं, बाई?" असं त्या म्हणाल्या. डब्याचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून आले होते. महिन्याभरात त्यांचा रक्तदाब इतका चढला, की रिक्षात घालून न्यावं लागलं. मला राग मावशींचा येत नाही. आयुष्यभर जिच्या दुखण्याकडे घरात कुणी बघितलं नाही, तिला 'तुमच्या तब्येतीसाठी' म्हणत कुणीतरी घरी येऊन तासभर बसतं, हेच तिला मोठं वाटतं.

सरकारी पाहणीनंही आपल्याला पन्नाशीला सोडून दिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं बायकांमधला रक्तक्षय मोजला तो १५ ते ४९ वयात. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात तो ५४ टक्के निघाला. पन्नाशीनंतर त्याच बाईचं रक्त काय आपोआप वाढतं? पाळी गेल्यावर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरनं २०२० मध्ये सांगितलंय. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळतं. उरलेलं दुधातून यायचं, आणि घरातलं दूध आधी नातवाला, मग मुलाला, मग चहाला. आपल्या वाटणीला पातेल्याची साय खरवडणं.

तेव्हा डोस किती? म्हातारपण लांबवायला म्हणून विचाराल तर माझं उत्तर शून्य. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी तीन ग्रॅमच्या वर जाऊ नये, डबा डॉक्टरांना दाखवावा आणि चालू गोळ्या बंद करू नयेत. डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. ते घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या.

मागच्या काकू विचारतायत, घेतलेल्या डब्याचं काय? सील फोडलं नसेल तर पावतीसह विकणारणीकडे परत न्या. थेट विक्रीचे नियम २०२१ पासून लागू आहेत, कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. पावतीच दिली नसेल, तर तेही सांगा.